मान्यतेसाठी सादर

हाताने लिहिलेल्या पत्रांबद्दल कुणी गहिवरून बोलायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. माझ्या माहेरी यायची ती पत्रं मला चांगली आठवतात. निम्म्या पत्रात सगळ्यांना नमस्कार आणि उरलेल्या निम्म्यात कुणाच्या तरी मुंजीची तारीख. सुधन्वाने लग्नाआधी मला दोन पत्रं लिहिली. त्यातलं एक रेल्वेच्या रिझर्वेशनबद्दल होतं. दुसरं मी अजून जपून ठेवलंय, पण हे त्याला सांगू नका.

माझे सासरे भाऊसाहेब, म्हणजे आमचे बाबा, यांच्यापुढे मात्र असलं काही बोलायची सोय नव्हती. बाबा केंद्र सरकारातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले आणि दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही सगळे तिथल्याच द्वारका भागातल्या सोसायटीत राहायला आलो. तेव्हाची द्वारका म्हणजे अर्धवट बांधलेल्या इमारती, पाण्याचे टँकर आणि मधूनमधून रस्ता. सुधन्वाला गुडगावच्या एका नव्या कोऱ्या कंपनीत नोकरी लागली होती आणि तो कमरेला पेजर लावून फिरायचा. देश बदलतोय, असं पेपरात रोज यायचं. बाबांच्या मते तो बिघडत होता, आणि बिघडवणाऱ्याचं नाव होतं टेलिफोन.

"पत्र गेलं तिथे माणुसकी गेली," ते म्हणायचे. समोर कुणीही असो, टँकरवाला असला तरी.

खरी गोष्ट वेगळी होती. नोकरीभर रोज सकाळी त्यांच्या टेबलावर डाक यायची, फायली यायच्या, आणि त्यांची सही झाल्याशिवाय काही पुढे सरकायचं नाही. आता सकाळी फक्त दूध यायचं. त्यावर सही लागत नाही.

सरकारात हिरवी शाई जॉइंट सेक्रेटरी आणि त्याच्या वरच्यांनीच वापरायची. बाबा तिथवर पोचले नाहीत. रिटायर झाल्याच्या आठवड्यातच त्यांनी जाऊन हिरव्या शाईची बाटली आणली. त्या शाईने तपासायला आता एकच खातं उरलं होतं. ते म्हणजे माझ्या सासूबाई.

आमच्या घरातून पत्र जायची एक पद्धत होती आणि ती त्यांच्या लग्नापासून चालत आलेली होती. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आधी कच्चं पत्र लिहायचं, डाव्या बाजूला ऐसपैस समास सोडून. ते बाबांच्या टेबलावर ठेवायचं. बाबा खाडाखोड करणार, समासात शेरे मारणार, खाली आद्याक्षरं टाकणार. मग आईंनी ते स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचं आणि पोस्टात टाकायचं. पत्र सख्ख्या बहिणीला असलं तरी हेच. "घरातून कागद जातो म्हणजे घराचं म्हणणं जातं," असं त्यांचं तत्त्व. त्यामुळे सांगलीच्या कौशल्यामावशींना वर्षानुवर्षं एकच बातमी मिळत राहिली, की इकडील सर्व क्षेम आहे.

मग द्वारकेत फोन आला.

आर. के. पुरमलाही फोन होता, पण तो सरकारी. त्यावर खासगी बोलायचं नाही, असा बाबांचा कडक नियम होता. हा फोन आमचा. पहिल्या रविवारी सकाळी आईंनी सांगलीला लावला. मावशींच्या घरी फोन नव्हता, त्या शेजाऱ्यांकडे येऊन बसल्या होत्या. त्यांना फोन घेता यायचा, करता यायचा नाही. आईंनी पाठ असल्यासारखं म्हटलं, "कौशे, इकडे सगळं क्षेम आहे." पलीकडून मावशी काय बोलल्या कुणास ठाऊक, पण आई एकदम फिस्सकन हसल्या आणि पदर तोंडाला लावून हसतच राहिल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी हेच. आई स्टूल ओढून बसायच्या, वायर ताणून फोन जवळजवळ स्वयंपाकघराच्या दारात आणायच्या आणि बोलायच्या. गुडघे, टँकर, पंजाबी शेजारणीचा कुत्रा, माझं वरण. हो, माझ्या वरणाबद्दलही. मी कान टवकारून ऐकायचे. राग यायचा, पण त्यांचा चेहरा बघून जायचा.

बाबांना ते बघवेना. एका रविवारी ते हॉलमध्ये येऊन उभे राहिले.

"एवढं काय बोलता गं तुम्ही?"

"काही नाही हो. असंच."

"असंच? याचं रेकॉर्ड काय राहणार? उद्या कुणी विचारलं, काय ठरलं, तर काय दाखवणार?"

"काही ठरत नाही आमचं," आई म्हणाल्या.

हे त्यांना सर्वांत जास्त लागलं असावं. त्याच आठवड्यात त्यांनी एस.टी.डी.ला लॉक घातलं. एक गुप्त आकडा दाबला की गावाबाहेरचे सगळे फोन बंद. तो आकडा फक्त त्यांना ठाऊक. "यापुढे पत्र लिहायचं," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "संस्कृती अशीच टिकते."

मी सुधन्वाकडे तक्रार केली. "जाने दे ना यार," तो म्हणाला. "बाबांना या वयात कोण समजावणार?" मी आईंना म्हटलं, चला, मार्केटमधल्या पी.सी.ओ.तून बोलू. त्या म्हणाल्या, "तिथे चार लोक रांगेत उभे असतात गं. त्यांच्यासमोर काय बोलू?" रविवारी सकाळी त्या सवयीने स्टूलवर जाऊन बसल्या, फोनकडे बघत राहिल्या आणि मग उठून मटार सोलायला लागल्या. मला त्या क्षणी बाबांचा इतका संताप आला की मी त्यांचा चहा बिनसाखरेचा दिला. त्यांनी तो मुकाट्याने प्यायला, त्यामुळे तेही समाधान नाही.

कच्ची पत्रं पुन्हा टेबलावर जायला लागली.

जानेवारीत आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं संमेलन होतं. मंडळाच्या सेक्रेटरी विजयालक्ष्मीताई तिळगुळाचा हिशेब करता करता आमच्याकडे आल्या आणि बाबांनी त्यांना पत्रसंस्कृतीवर असं काही ऐकवलं की त्यांनी तिथल्या तिथे बाबांचं भाषण ठरवून टाकलं. बाबा खूश. त्यांच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. भाषणाआधी सरलाने, म्हणजे आईंनी, एक आदर्श पत्र वाचून दाखवावं. बहिणीने बहिणीला लिहिलेलं, स्वच्छ, मुद्देसूद. आईंनी कच्चं लिहिलं, बाबांनी तपासलं, आईंनी पक्कं उतरवलं.

त्या रविवारी सकाळी धुकं इतकं होतं की सोसायटीचा कम्युनिटी हॉल गेटवरून दिसत नव्हता. तरी हॉल भरला. निम्मे रिटायर झालेले, निम्मे व्हायच्या बेतात, सगळे कुठल्या ना कुठल्या मंत्रालयातले. दाराशी आईंनी माझ्या हातात एक घडी केलेला कागद दिला. "हा तुझ्या पर्समध्ये ठेव." मी उघडून पाहिला. तो पक्का कागद होता.

मी तोंड उघडायच्या आत त्या स्टेजवर पोचल्या होत्या.

चष्मा लावून त्यांनी शांतपणे वाचायला सुरुवात केली. "श्री. प्रिय कौशल्या. 'प्रिय' खोडलंय. वर 'चि. सौ.' केलंय."

लोकांना वाटलं, ही वाचण्याची काहीतरी नवी तऱ्हा असेल.

"'यांनी फोन बंद करून ठेवला आहे.' खोडलंय. त्याऐवजी, 'फोनची सुविधा तूर्त स्थगित आहे.'"

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"'थंडीने माझे गुडघे फार धरले आहेत.' समासात शेरा. 'कोणता गुडघा? तपशील द्यावा.'"

आता हॉल हसायला लागला. आई थांबल्या, हसू ओसरू दिलं आणि पुढे वाचू लागल्या. आवाज अगदी सरळ, रेल्वेस्टेशनवरच्या घोषणेसारखा.

"'क्षिप्रा मनाने चांगली आहे, पण वरण फार पातळ करते.' हे खोडलेलं नाही. बाजूला बरोबरची खूण आहे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तिळाचा लाडू तोंडात कोंबला.

"'मला इथे करमत नाही.' हे खोडलंय. समासात 'प्लीज डिस्कस'." आईंनी कागदावरून नजर वर केली. "डिस्कस झालं नाही."

हसू थोडं कमी झालं. बाबा पहिल्या रांगेत होते. मला त्यांचे फक्त कान दिसत होते, आणि ते लाल झाले होते.

"'आजवर तुला गेलेल्या पत्रांत माझं असं एकही वाक्य नव्हतं.' खोडलंय. शेरा आहे, 'असत्य. सर्व क्षेम लिहावे.'"

आता कुणी हसलं नाही.

"'तुझ्याशी बोलले की मला बरं वाटतं. तेवढं एक मला हवं होतं.' हे खोडलेलं नाही," आई म्हणाल्या. "इथे नुसतं 'सीन' लिहिलंय. खाली आद्याक्षरं."

त्या हॉलमध्ये 'सीन'चा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. पाहिलं, आणि फाईल बंद. तिथल्या बहुतेकांनी स्वतः आयुष्यभर हजारो कागदांवर ते लिहिलेलं होतं. आईंनी कागदाची घडी घातली, नमस्कार केला आणि खाली येऊन बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना.

विजयालक्ष्मीताईंनी घाईघाईने बाबांचं नाव पुकारलं. बाबा माइकपाशी गेले. हातात भाषणाचे कागद होते. ते त्यांनी सरळ केले, पुन्हा सरळ केले. "मला विशेष काही सांगायचं नाही," ते म्हणाले आणि परत येऊन बसले.

घरी आल्यावर मी पानं घेतली. जेवताना बाबांनी वरण परत मागितलं नाही, तेव्हा मला जरा काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोनपाशी बसलेले दिसले. आकडा दाबून लॉक काढलं, स्वतः सांगलीचा नंबर फिरवला. शेजाऱ्यांना म्हणाले, "जरा कौशल्याताईंना बोलावता का? धरतो मी." आणि खरंच धरून बसले, पाठ ताठ, जणू मंत्री लाइनवर येणार आहेत. मावशी आल्यावर त्यांनी रिसीव्हर आईंच्या हातात दिला आणि शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसले.

आईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. "अहो, तुम्ही जरा गॅलरीत जा."

"गॅलरीत थंडी आहे."

"शाल घ्या. आणि दार ओढून घ्या."

घरात पहिल्यांदाच त्यांना वरून आदेश आला असावा, तोही तोंडी. ते उभे राहिले, शाल घेतली, गॅलरीत गेले आणि सरकतं काचेचं दार ओढून घेतलं.

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. आई सांगत होत्या, "अगं, काल जरा जास्तच केलं मी... हो, सगळ्यांसमोर... नाही गं, दुष्ट नाहीत. त्यांना आता कुणी काही विचारत नाही, म्हणून मलाच धरून बसतात... रात्रभर झोपले नाहीत गं. मीपण नाही... मग काय, उभे केलेत गॅलरीत!" आणि बोलता बोलता त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता काहीतरी ऐकून पुन्हा हसायला.

बाबा काचेपलीकडून हे बघत होते. मागे नुसतं पांढरं धुकं. त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं आणि मला खुणेनं विचारलं, काय म्हणतेय?

मला त्यांची दया आली. मी पिठाचा हात कानाला लावला आणि मान हलवली. काही ऐकू येत नाही.