अंगठ्याखालचा खटका

मी एक खटका बोलतोय. भिंतीवरचा, दिवा लावणारा नव्हे. मी लाल, गोल, तळहातात मावेन एवढा. ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठी एका छोट्या कारखान्यात मला घडवलं. तो कारखाना पुढे बंद पडला.

मी ज्यांच्याकडे आलो ते पोहायला शिकवायचे. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, मीही तेच म्हणेन. तलावाच्या काठावरून त्यांनी मारलेली हाक पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायची म्हणे. मग आजारपणात वाचा गेली, हातपाय गेले. उजवा अंगठा तेवढा उरला, आणि तो माझ्यावर टेकला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळायची. हवं ते आलं की बाबा मला दाबायचे. शब्द जुळला की कॉम्प्युटर तो मोठ्याने म्हणायचा.

त्यांचं पहिलं वाक्य होतं, "टीव्ही बंद कर, डोकं उठलंय."

"झालं, सुरू झालं यांचं!" लेकीची आई म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

पुढे कॉम्प्युटर थकला. शब्द अर्ध्यावर अडकायचे. लेक म्हणाली, "बाबा, ओपन सोर्स सिस्टीम टाकते, सगळ्यांना फुकट मिळते ती. जुन्या मशीनवरही मस्त पळते. टाकू?"

"टाक. पण बुडवू नकोस," बाबांनी मला दाबून दाबून लिहिलं.

नवी सिस्टीम झकास बसली. कीबोर्ड चालला, आवाज चालला, अक्षरांचा प्रोग्रॅमही मिळाला. मग लेकीने माझी वायर जोडली. बाबांनी मला दाबलं. पुन्हा दाबलं. मी जीव तोडून सांगत होतो, पण नव्या सिस्टीमला माझी भाषाच कळेना. माझा ड्रायव्हर, म्हणजे माझा दुभाषा, फक्त जुन्या सिस्टीमसाठी लिहिलेला. आणि जुनी तर लेकीने पुसून टाकली होती, ती परत मिळेना. माउसचं बटण बाबांच्या अंगठ्याला जड जायचं.

लेकीने इंटरनेटवर अनोळखी माणसांना विचारलं. त्यातला एक जण चिकाटीने माझा नवा ड्रायव्हर लिहायला बसला. तोवर आई उशाशी बसून अक्षरं म्हणायची, आणि बाबा पापणी मिटून होकार द्यायचे.

एका दुपारी त्यांनी "पा" एवढं जुळवलं.

"पाणी हवंय? पाय दुखतोय? पांघरूण घालू?"

पापणी मिटेना. आई कासावीस झाली. "अहो, मला कळत नाहीये हो!" त्या आठवड्यात बाबांना ताप चढला. इस्पितळातून ते परत आले नाहीत.

त्यानंतर ड्रायव्हर लिहिणाऱ्या त्या माणसाचा निरोप आला, "आता करून बघा." लेकीने स्वतःचा अंगठा माझ्यावर ठेवला. अक्षर उमटलं, कॉम्प्युटर बोलला. आतून आई धावत आली, आणि दारातच थबकली.

"मी होते गं, आई," लेक म्हणाली.

आता मी कपाटात असतो. माझा नवा ड्रायव्हर लेकीने सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. माझी भावंडं कुठे कुठे असतील, त्यांच्या कामी येईल.

नवी सिस्टीम जरूर टाका, ती वाईट नाही. पण जुनी पुसण्याआधी आम्हाला एकदा जोडून बघा. आणि आम्हाला घडवणाऱ्यांनो, कारखान्याला कुलूप लावताना आमची भाषा कुणाला तरी शिकवून जा. आमच्यावर कुणाचा तरी अंगठा टेकलेला असतो.