खिडकीखालची भिंत

आई ज्या शाळेत शिकवायची, तिच्या तपासणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. भूकंपात कुठली सरकारी शाळा टिकेल आणि कुठल्या शाळेला आधार द्यावा लागेल, हे बघायचं माझं काम. आई जाऊन दीड वर्ष झालं. माझ्या लेकीला तिने पाहिलंच नाही.

आईच्या वर्गाच्या दारातच मी थबकले. जुन्या नकाशात खिडक्या गुडघ्याच्या उंचीपासून सुरू होत्या. इथे दोन खांबांच्या मधे छातीपर्यंत विटा चढवलेल्या.

"ही भिंत कुणी वाढवली, काका?"

म्हातारे शिपाईकाका हसले. "तुमच्या मातोश्रींनी! दुसरीत असताना या खिडकीतून पडून हात मोडून घेतलात ना? आठच दिवसांत बाईंनी गवंडी आणला. तो म्हणाला, परवानगी? बाई म्हणाल्या, आधी विटा लाव, मग विचार."

मोडलेला हात आठवत होता. भिंतीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

काकांनी भिंतीवर थाप मारली. "पक्की आहे. बाईंचा आवाज सोसलाय तिने, भूकंप काय करणार?"

"तीच तर अडचण आहे. तिने खांबांना छातीपर्यंत आवळून धरलंय. जमीन हलली की वाकायला वरचा हातभरच भाग उरतो. खांब तिथेच मोडेल, आणि छत खाली."

काकांचा हात खाली आला. "म्हणजे बाई करायला गेल्या एक..."

"तिला कसं कळणार होतं?" मी जरा मोठ्यानेच म्हणाले.

वाटलं, तिला फोन लावावा. ऐक ना, तुझी भिंत चुकली. आधी कडाडली असती, "तू पडलीस तेव्हा कुठे होता गं तुझा नियम?" मग चष्मा पुसत म्हणाली असती, बरं, कुठे कापायची ते दाखव. ते भांडण मला हवं होतं.

"पाडणार का?" काकांनी विचारलं.

"नाही. भिंत दोन्ही खांबांपासून दोन बोटं सोडवायची, फटीत मऊ काहीतरी भरायचं, भिंतीला वेगळा आधार द्यायचा. पोरं पडणार नाहीत, आणि खांबांना डोलता येईल."

खडूने दोन उभ्या रेघा ओढल्या. अहवालात लिहिलं: भिंत नंतर बांधलेली, धोकादायक, खांबांपासून वेगळी करावी. सही केली.

दूध भरून आलं होतं; घरी लेक रडत असणार. काका किल्ल्या वाजवत दारात उभे होते.

"पाचच मिनिटं, काका," म्हटलं, आणि विटांना पाठ टेकून खाली बसले.