मी टेप खाल्ली नव्हती

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मी आजवर एकही टेप खाल्लेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सदतीस वर्षं माझ्यावर तो आळ होता. तुम्ही मोबाईलवर गाणी ऐकणारी मुलं, तुम्हाला टेप खाणं म्हणजे काय ते कळायचं नाही. पूर्वी कॅसेटमध्ये एक अरुंद तपकिरी फीत असायची. एखादा बिघडलेला टेपरेकॉर्डर ती फीत ओढून पोटात गुंडाळायचा आणि तिचा पार चोळामोळा करायचा. आम्हा टेपरेकॉर्डरांमध्ये याहून मोठी बदनामी नाही.

मला नाशिकच्या दुकानातून विकत आणलं ते आसारामसाहेबांनी. संगमनेरजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेचे ते चेअरमन. माणूस सरळ, पण आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावा. सभेत एक ठरायचं आणि चार दिवसांनी सभासद म्हणायचे, "साहेब, तुमी असं बोललाच न्हाई." याला कंटाळून त्यांनी मला आणलं. सभेत मला टेबलावर ठेवायचं, टेप करायचं लाल बटण दाबायचं, आणि नंतर क्लार्कने माझं ऐकून इतिवृत्त लिहायचं. तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा! अंगावर विणलेला रुमाल असायचा आणि मला हात लावायची परवानगी फक्त क्लार्कला होती.

तो क्लार्क म्हणजे गोरक्ष. वय चोवीस, दुधाची फॅट मोजण्यात तरबेज, आणि 'रातराणी' या बँडसाठी वेडा. पुण्याच्या कॉलेजातल्या पाच पोरांचा तो रॉक बँड. ड्रम एसटीच्या टपावर बांधून रात्रीच्या गाडीने गावोगाव फिरायचे, म्हणून हे नाव. त्यांची कॅसेट कधी निघालीच नाही. ऐकायचे तर समोर बसूनच ऐकायचे, आणि गोरक्षने ते घोटीपासून नारायणगावापर्यंत जाऊन ऐकले होते.

एके संध्याकाळी रातराणी संगमनेरच्या कॉलेजात वाजवायला आली. गोरक्षने मला रुमालासकट उचललं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं. माझ्या पोटात आदल्या दिवशीच्या वार्षिक सभेची कॅसेट होती. "दोनच गाणी घेतो," तो मला म्हणाला, "दीड तासाची सभा, दहा मिन्टं गेली तर कुनाला कळतंय?" मित्रांनो, दोन गाण्यांवर थांबणारा चाहता मी अजून पाहिलेला नाही.

मी तोवर फक्त भाषणं ऐकली होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ड्रमचा दणका बसला आणि माझी झाकणी थरथरली. चौथ्या गाण्यानंतर गोरक्षला शंका आली, आपण नीट टेप करतोय ना? त्याने फीत थोडी मागे घेतली आणि मला कानाशी धरून ऐकू लागला. ऐकता ऐकता असा रंगला की गाणं संपून फीत पुढे सरकली आणि पुढची, अजून न पुसलेली सभा सुरू झाली. एकदम त्याच्या कानात साहेब ओरडले, "खाली बसा! आधी खाली बसा! टाळ्या वाजवू नका, मी भाषन करीत न्हाई, मी दम देतोय! दुधात पानी घालनाऱ्याची माझ्याशी गाठ हाय. आता ऐका!"

गोरक्षची बोबडीच वळली. त्याला वाटलं, साहेब मागेच उभे आहेत. एकोणीस सेकंद तो पुतळ्यासारखा उभा राहिला. मग भानावर येऊन त्याने लाल बटण दाबलं, आणि त्याच क्षणी ड्रमवाल्याने पुढचं गाणं सुरू केलं.

बाकीची सभा पुसली गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कॅसेट मागितली तेव्हा गोरक्ष मान खाली घालून म्हणाला, "साहेब, टेपरेकॉर्डरनं टेप खाल्ली." साहेबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलो नाही. "काढ ह्याला भायेर," ते म्हणाले. रुमाल गेला, टेबल गेलं आणि भंगारात जाण्याऐवजी मी गोरक्षच्या घरी आलो.

पण खरं सांगू? तिथेच माझं भाग्य उजळलं. पुढे बँड मोडला. पाचही जण नोकरीधंद्याला लागले, आणि त्यांचं गाणं उरलं ते माझ्याजवळच्या त्या एका कॅसेटमध्ये. गोरक्षचा दोस्त फैयाज संगमनेरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. दर वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी त्या दुकानात चाहते जमू लागले. आधी पाच होते, मग पंधरा, आता चाळीसच्या वर. कोणी जामखेडहून येतो, कोणी राहुरीहून. मला मधल्या स्टुलावर ठेवतात आणि सगळे गप्प बसतात.

त्यांना काय आवडतं ते ऐकून तुम्ही हसाल. 'घाट' नावाच्या गाण्यात गिटारची तार तुटते आणि गिटारवाला उरलेल्या पाच तारांवर गाणं ओढून नेतो. ती तार तुटण्याची वाट सगळे श्वास रोखून पाहतात. तिसऱ्या गाण्यात गाणारा ओळ विसरतो आणि खुदकन हसतो, तेव्हा हे चाळीस जणही हसतात. मागून कोणीतरी "आवाज वाढव की" म्हणून ओरडतो, त्यालाही आता नाव पडलंय. आणि चौथ्या गाण्यानंतर साहेब येतात. "खाली बसा!" म्हटलं की सगळे एका सुरात म्हणू लागतात, "मी भाषन करीत न्हाई, मी दम देतोय!" आणि "आता ऐका!" नंतर ड्रम कोसळतो तेव्हा दुकानातले सुटे स्क्रूसुद्धा नाचतात. माझ्या फाटक्या आवाजावर इतकं प्रेम करणाऱ्या माणसांचे उपकार मी कसे फेडू?

यंदा मात्र पेच पडला. बँडचा गिटारवाला, आता म्हातारा झालेला, त्याला कोणाकडून तरी या कॅसेटचं कळलं. त्याच्याजवळ स्वतःचं एकही गाणं नव्हतं. फैयाजची मुलगी फलक पुण्यात आवाजाचं तंत्र शिकून आली आहे. तिने ठरवलं, कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची, गिटारवाल्याला द्यायची आणि इंटरनेटवर साऱ्यांसाठी ठेवायची. फैयाजने फीत फिरवणारा माझा सैल पडलेला पट्टा बदलला, फलकने कापसाने फीत वाचणारं माझं डोकं पुसलं. मग तिने विचारलं, "गोरक्षकाका, हे मधेच ओरडणारे आजोबा ठेवायचे ना?"

"काप ते," गोरक्ष म्हणाला.

"का रं?" फैयाजने विचारलं.

"साहेब हायेत अजून," गोरक्ष हळूच म्हणाला. "सत्त्याऐंशी वर्षांचे. त्यांचा नातू दिवसभर मोबाईलवर असतो. त्यानं ऐकलं तर? मी त्यांना खोटं सांगितलंय, फैयाज. त्या मानसानं मला नोकरी दिली."

"मग काप," फैयाज म्हणाला. "पर तेवढं काढलं तर ती आपली कॅसेट न्हाई राहनार. आन् तू खोटा तो खोटाच ऱ्हाशील. त्यापेक्षा जा आन् सांगून ये."

दोन दिवस गोरक्ष जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला पिशवीत घातलं.

साहेब ओट्यावर खुर्चीत बसले होते. आवाज पार बसला होता. गोरक्षने माझं बटण दाबलं. मित्रांनो, इतकं जपून मी कधी वाजलो नव्हतो. "खाली बसा!" साहेबांचा तेव्हाचा खणखणीत आवाज अंगणभर घुमला. ड्रम वाजला. साहेबांनी बोट वर केलं. पुन्हा लाव. असं तीनदा झालं. मग गोरक्षने सगळं सांगितलं.

"सदतीस वर्षं खोटं बोललास," साहेब म्हणाले.

"व्हय."

"आन् त्या सभेचं इतिवृत्त?"

"मनानं लिवलं, साहेब."

"तरीच! वाचताना वाटलं, मी येवढं गोड कधी बोललो?" साहेबांना हसता हसता खोकला आला. मग ते म्हणाले, "मी 'ऐका' म्हनलो की लोक च्या प्यायला उठायचे रं. आन् तुमी दर वर्षी गप बसून ऐकता?"

"पाठ हाय सगळ्यांना."

साहेबांनी डोळे पुसले. मग वाकून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे ह्या बिचाऱ्यानं टेप खाल्ली न्हवती?"

"न्हाई, साहेब. मीच खाल्ली."

त्यांनी हात माझ्या पाठीवर ठेवला. "उगाच बोल लावला रं तुला," ते म्हणाले. तेवढ्यासाठी मी आणखी सदतीस वर्षं तो आळ सोसला असता.

परवाच्या, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी साहेब दुकानात आले. काहीही न कापलेली गाणी कॉम्प्युटरवर लागली होती आणि फलकने माझ्या पोटात कोरी कॅसेट घातली होती. चौथं गाणं संपलं. तिने कॉम्प्युटर थांबवला आणि माझं लाल बटण दाबलं. गोरक्षच्या खांद्याला धरून साहेब उठले आणि त्या बसक्या आवाजात म्हणाले, "खाली बसा." चाळीस माणसं आधीच बसलेली होती. ती आणखी सावरून बसली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर त्याची धूळ पुसा, त्याचा पट्टा बदला, आणि दोष देण्याआधी एकदा वाजवून पाहा. त्याच्या आवाजात खरखर असेल. ती काढायची घाई करू नका, तिच्याआड कोणीतरी बोलत असतं. माझ्या नव्या कॅसेटमध्ये साहेबांचं "आता ऐका" फार हळू आलं आहे. त्याच्या आधी कोणीतरी नाक ओढलं आहे. फलकने विचारलं, हे कापायचं का? गोरक्ष म्हणाला, "नको. ते मीच हाय."