माझ्या पोटातला बांध

मित्रांनो, दिसायला मी चपटा पत्र्याचा डबा, पण मी एक जुनी हार्डडिस्क आहे. संगणकाने जे जे जपून ठेवायचे ते माझ्या पोटात राहते. विसरणे माझ्या स्वभावातच नाही, आणि त्याचाच मला फार त्रास झाला.

कारखान्यातल्या दिवसांचे काही सांगत नाही. तिथे माझ्याशी कोणी बोलले नव्हते. २००१ साली मी नाशिकजवळ मखमलाबादला गोटीरामांच्या घरी आले. ते झेंडू आणि शेवंती पिकवत, त्यांची बायको साळूबाई हार ओवी. संगणक एक आणि मुले दोन! थोरल्या कुंदनला विंडोज हवे, कारण त्यावर त्याचे खेळ चालत. धाकट्या दीपमालाला कॉलेजात लिनक्स, म्हणजे संगणक चालवायची दुसरी प्रणाली, शिकवत होते. रोज भांडण. शेवटी गोटीराम वैतागले.

"वावराची करतो तशी वाटणी करा," ते म्हणाले. "थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. मंग कोणी बेइमानी करत नाय."

दीपमालाचे सर माझे दोन वाटे करायला घरी आले. "रेघ कुठं मारू?" त्यांनी विचारले. कुंदन म्हणाला, "बरोब्बर निम्म्यावर." दीपमालाने मागचा वाटा उचलला. तेव्हापासून संगणक सुरू झाला की पडद्यावर विंडोज आणि लिनक्स अशी दोन नावे येत, आणि ज्याला जिकडे जायचे तिकडे तो जाई. माझ्या पोटात बांध पडला होता, पण खरे सांगते, इतकी सुखी मी कधीच नव्हते. खंडेनवमीला साळूबाई संगणकावरही झेंडू ठेवी. "लोखंडच हाय ना? मंग त्यालाबी फूल," असे तिचे म्हणणे.

एकदा दीपमालाने माईक आणला आणि हार ओवत बसलेल्या आईचा आवाज भरून घेतला. तो तिच्या वाट्यात राहिला. पुढे ती लग्न होऊन देवळ्याला गेली. २००५ च्या पावसाळ्यात साळूबाई आठ दिवसांच्या तापात गेली.

महिन्याभरात विंडोजला व्हायरस लागला. कुंदनने सीडी आणून ते नव्याने टाकले. संगणक सुरू झाला, पण दोन नावे काही आली नाहीत. सरळ विंडोजच उघडले. त्याने सगळीकडे पाहिले. बहिणीचा वाटा कुठेच दिसेना. त्याने देवळ्याला फोन लावला.

"दीपे, तुझा वाटा पुसला गेला गं माझ्याकडून. आईचा आवाजबी गेला."

ती म्हणाली, "दादा, बांध कोरायला तुला माझंच वावर सापडलं?"

त्यानंतर तीन दिवाळ्या ती भाऊबीजेला आली नाही.

मित्रांनो, काही पुसले गेले नव्हते! विंडोजने फक्त दारावरची दोन नावांची पाटी काढून स्वतःची लावली होती. लिनक्सचे घर त्याला ओळखताच येत नाही, म्हणून त्याने ते दाखवले नाही. कुंदन रोज संध्याकाळी शोधायच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'आई' लिही. काही सापडले नाही, असे उत्तर येई. साळूबाई बांधापलीकडेच बसली होती. मी गरगर फिरले, खरखरले. पण योग्य दारातून कोणी विचारल्याशिवाय आम्हाला सांगता येत नाही. त्या खरखरीवर तो एवढेच म्हणे, "म्हातारी झाली बिचारी."

नवा संगणक आला तेव्हा त्याने मला काढून कपाटात ठेवले. भंगारवाला आला की मी जीव मुठीत धरून बसे. पण त्याने मला दिले नाही. रिकामी समजूनही दर खंडेनवमीला तो माझ्यावर फूल ठेवी.

२००८ च्या भाऊबीजेला दीपमाला दारात उभी राहिली. ती देवळ्याच्या शाळेत शिकवत होती, आणि संगणकाच्या प्रशिक्षणात तिला पाटीची ही गोष्ट कळली होती. ओवाळायचे ताट खाली न ठेवताच तिने विचारले, "दादा, ती जुनी हार्डडिस्क टाकलीस का रे?"

"टाकवली नाय गं."

त्याने मला नव्या संगणकाला जोडले. तिने पर्समधून लिनक्सची सीडी काढली आणि संगणक त्या सीडीवरूनच सुरू केला. मी दोन वर्षांत फिरले नव्हते. आधी नुसती खटखटले. मग सारा जोर लावून मी फिरले, आणि मागचा वाटा उघडला.

"झालं का चालू? याच्याशी काय बोलू मी?" साळूबाई हसली. "दीपे, ऱ्हाऊ दे ते. कुंदन फुलबाजारातून आला का बघ. सकाळपासून जेवला नाय त्यो."

कुंदन खाली बसला. "आलो गं आई," तो म्हणाला, आणि बहिणीच्या मांडीवर डोके ठेवून रडला.

तो आवाज दोघांनी लगेच दोन-तीन ठिकाणी उतरवून घेतला. बरे केले, कारण त्यानंतर मी पुन्हा फिरले नाही. मित्रांनो, जपायचे ते एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि तुमच्या कपाटात माझ्यासारखी कोणी पडली असेल, तर रिकामी म्हणून टाकण्याआधी बांधापलीकडे एकदा हाक मारून बघा.