दोन याद्या

फुटबॉल संघाचे सर दर सामन्याआधी दोन याद्या लिहायचे: एक काच्यासकट, एक काच्याशिवाय. गडी वाऱ्यासारखा पळायचा, पण आज घोटा दुखावला तर उद्या गुडघा; काचेसारखा म्हणून पोरांनी त्याचं नाव काच्या ठेवलं होतं. त्याला काढायचं, असं सर चार हंगाम ठरवत होते आणि तो समोर आला की मूग गिळून गप्प बसत होते.

आज मात्र मन घट्ट करून ते मलमपट्टीच्या खोलीत शिरले. काच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता.

"हे बघ, पोरा..." सर अडखळले.

"मला काढताय ना, सर?"

सरांनी कशीबशी मान हलवली.

"सुटलो बुवा!" काच्या खदखदून हसला. "मीच कधीचा सोडणार होतो. पण तुम्ही माझ्या आशेवर दोन-दोन याद्या लिहायचात, मग माझी जीभच रेटेना."

"गाढवा, आधी बोलायचंस की!" सर खेकसले. खिशातली काच्यासकटची यादी त्यांनी चुरगळून फेकली, त्याच्या शेजारी मटकन बसले आणि बर्फाची पिशवी ओढून घेऊन, वीस वर्षं कुणाला न सांगितलेल्या आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर ठेवली.