कर्त्याचा रकाना

चिठ्ठी उघडली आणि आमच्या साहेबांचा, सी तैयबांचा, चेहरा उतरला. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. तिच्यावर एकच शब्द होता: ट्रॅक्टर.

मी मनात म्हटलं, झालं, संपलं.

समोर शेखा यमूना बसली होती. वय सत्तर, बोटांच्या टोकांना मेंदी, मांडीवर घडी घातलेला, बाहेर पडताना डोक्यापासून पांघरायचा पांढरा हाईक. ओरान शहरात बायकांच्या लग्नसमारंभात गाणाऱ्या ताफ्यांतली ही सगळ्यांत जुनी शेखा, म्हणजे म्होरकी गायिका. विवाह, मेंदी, बाळंतपण यावर तिनं झोपेतही चार कडवी रचली असती. पण ट्रॅक्टर!

आमच्या लेखक-संगीतकार हक्कांच्या कचेरीची रीतच अशी. ज्याला गीतकार म्हणून नाव लावायचं, त्यानं पत्र्याच्या डब्यातली चिठ्ठी उचलायची, बंद खोलीत तासभर बसायचं आणि त्या विषयावर चार ओळी करून दाखवायच्या. दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं नाव ठोकणारे भामटे यातून गळून पडतात. चिठ्ठ्या मात्र कचेरी उघडली तेव्हाच्या, सरकार जमिनी वाटत होतं त्या काळातल्या. म्हणून डब्यात सगळी धरणं, पोलाद आणि ट्रॅक्टर. नव्या चिठ्ठ्या करायचं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी राहून जातं.

घड्याळात अकरा वाजत होते. बारा वाजता तिच्या हरकतीची मुदत संपणार होती.

प्रकरण साधं होतं. ‘मेंदी वाळू द्या’ हे गाणं ओरानमध्ये ज्या घरात नवरी सजली त्या प्रत्येक घरात वाजलंय. माझ्याही लग्नात वाजलं. कॅसेटवाल्या हाजी बूझियाननं ते नव्या वाद्यांवर बसवलं, आणि त्या उन्हाळ्यात टॅक्सीत, हमामखान्यात, केशकर्तनालयात दुसरं काही ऐकूच येईना. त्यानं आमच्याकडे अर्ज टाकला: कर्ता परंपरागत, संयोजन बूझियान. गाणं कुणाचंच नसलं की सगळा हक्क एकट्या संयोजकाचा होतो. त्यानंतर दोन आठवड्यांनी यमूना माझ्या खिडकीशी आली आणि शांतपणे म्हणाली, “ते मी केलंय.”

मी जुनी फाईल काढली. चौदा वर्षांपूर्वी हेच गाणं नोंदायला आलं होतं. अर्जावर अक्षर माझं होतं. कर्त्याच्या रकान्यात मीच ‘परंपरागत’ लिहिलं होतं.

मला तो दिवस आठवला. खिडकीशी एक मिशाळ माणूस उभा होता आणि त्याच्यामागे हाईकमधून एकच डोळा दिसणारी बाई. मी त्या माणसाला विचारलं, कर्ता कोण? तो हसून म्हणाला, बायकांची गाणी ती, त्यांना कसला कर्ता? तो तिचा दीर. मी मान डोलावली आणि शिक्का मारला. तो डोळा माझ्याकडे बघत होता हे मला दिसलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि तीही चौदा वर्षं उशिरा. दीर वारला होता, नवरा वारला होता. आता लाजायला घरात कुणी उरलं नाही, असं ती म्हणाली.

बूझियान आज सकाळपासून येऊन बसला होता. शेखाला लिहिता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लिहून घ्यायला मी आत बसणार हे कळताच त्यानं हरकत घेतली.

“लखदर आत बसणार म्हणजे गाणं लखदरच करणार. मला काय खुळा समजता?”

मला हसावं की रडावं कळेना. बायकोला आयुष्यात चार ओळींचं पत्र जमलं नाही मला. पण सी तैयब तरुणपणी ऊद हे तंतुवाद्य वाजवायचे. त्यांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, मग खोली नकोच, दार उघडं ठेवा, शेखा सगळ्यांसमोर म्हणेल.

बातमी कचेरीभर पसरली. टंकलेखिका आल्या, हिशेबनीस आला, चहावाला किटली घेऊन दारातच उभा राहिला. शेखाच्या ताफ्यातल्या दोन बायका कालच साक्षीच्या सह्या देऊन गेल्या होत्या, त्याही परत आल्या. कुणाच्या तरी लग्नाला जमावं तशी माणसं जमली. मी वही उघडली.

“ट्रॅक्टर म्हणजे ते तांबडंच ना?” शेखानं विचारलं.

“तांबडंच,” सी तैयब म्हणाले.

“आमच्या गावात आलं होतं एक.”

मग तिनं नजर खिडकीबाहेर लावली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बूझियाननं सिगारेट पेटवली आणि मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं फिरवलं. मी तिला खुणेनं पाणी हवं का विचारलं, तर तिनं डोळे वटारून मला गप्प केलं.

आणि तिची बोटं टेबलावर चालू लागली. आधी दोन, मग चार, मग पूर्ण पंजा. लाकडाचा डफ झाला. तिच्या ताफ्यातल्या बायकांनी न सांगता टाळ्या धरल्या, आणि तो जाडाभरडा, तंबाखूनं खरवडलेला आवाज उठला:

ट्रॅक्टर आला ग रानात, काम करतो दहांचं
खेचर ओळखी मला, ह्याला नाव ठाऊक कुणाचं?
एका दिसात नांगरलं, बांध उरला ना बाई
बापाची कबर कुठली, कुणी सांगत नाही.

एका टंकलेखिकेनं डोळ्यांना रुमाल लावला. मी भराभर लिहीत होतो. सरकारी डब्यातल्या मरतुकड्या चिठ्ठीतून बाईनं बापाला बाहेर काढलं होतं! शेखानं तेच कडवं दुसऱ्यांदा उचललं, आता चाल थोडी वळवून, आणि दारातल्या बायकांनी शेवटची ओळ झेलली.

तेवढ्यात सी तैयब म्हणाले, “हाजी, पेन खाली ठेवा.”

सगळ्यांच्या माना वळल्या. बूझियान सिगारेटच्या पाकिटावर घाईघाईनं ओळी उतरवून घेत होता. कान पक्का होता माणसाचा, सवय त्याहून पक्की. तो लाल झाला, म्हणाला की सवयीनं झालं, आणि मग त्यालाच हसू आलं. दारातली माणसं अशी हसली की चहावाल्याची किटली कलंडली. हाजीनं पाकीट टेबलावर ठेवलं, टोपी उचलली आणि जाता जाता शेखापुढे थांबून म्हणाला, “हे कॅसेटवर घेऊ या. तुझ्या नावानं.”

“बघू,” शेखा म्हणाली.

पावणेबारा झाले होते. सी तैयबांनी उत्तीर्णचा शेरा मारला आणि मी दुरुस्तीचा अर्ज पुढे ओढला. कर्त्याच्या रकान्यात ‘परंपरागत’वर रेघ मारली. कुठलं नाव लिहू, शेखा यमूना की कागदपत्रांवरचं, असं मी तिला विचारलं. तिनं बापाचं, आजोबाचं, सगळं धरून पूर्ण नाव सांगितलं. मी एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

खाली आणखी एक रकाना होता: आधीच्या चुकीचं कारण.

सी तैयब वाकून हळूच म्हणाले, “‘अर्जदाराचं नंतरचं निवेदन’ एवढं लिही आणि सोड. तुझं नाव बढतीच्या यादीत आहे. ही फाईल वर जाते.”

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. मी पेन टेकवलं आणि लिहायला लागलो. सी तैयबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली सही केली.

“एवढं लांबलचक काय लिहिलंस?” शेखानं विचारलं.

मी वाचून दाखवलं: “नोंदणीच्या वेळी बाई समोर हजर होत्या. लिपिकानं त्यांना विचारलं नाही.”

तिनं कागद आपल्याकडे ओढून घेतला.

“त्या दिवशी विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं,” ती म्हणाली. “दीर शेजारी उभा होता. पण विचारायला हवं होतंस, लेकरा.”

मी शाईची डबी पुढे केली. तिनं अंगठा बुडवला, आपल्या नावाखाली टेकवला, आणि शाई नीट उमटेपर्यंत दाबून धरला.