चुकीच्या हाताचा ग्लोव्ह

मित्रांनो, मी जुना आहे, तांबूस आहे, करंगळीच्या बाजूला ठिगळ लावलेला आहे आणि चुकीच्या हाताचा आहे. बेसबॉल खेळताना चेंडू झेलायला एका हातात घालतात, तो चामड्याचा ग्लोव्ह म्हणजे मी. माझा मुक्काम कराडात, मौलाभाईंच्या सीट कव्हरच्या दुकानात, शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्यावर असतो. इथून मला रस्ता दिसतो, समोरची चहाची टपरी दिसते आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकू येतात. गप्पा बेसबॉलच्या निघाल्या की मी कान टवकारतो. मला कान नाहीत हे मला ठाऊक आहे, पण बेसबॉलचं वेड लागायला कान लागतात असं थोडंच आहे!

आमचा हंगाम आता अर्ध्यावर आलाय. अर्ध्या हंगामात सगळ्यांनाच मतं फुटतात, तशी मलाही फुटली आहेत. सांगलीच्या विश्रामबाग संघाचे कपडे इतके कडक इस्त्रीचे असतात, की घसरून बेस गाठायची वेळ आली की मुली आधी पँटकडे बघतात. पण फटके त्यांचेच लांब जातात, हे नाइलाजाने कबूल करतो. माण तालुक्यातल्या दहिवडीच्या मुली टेम्पोत बसून, भाकरी-ठेचा बांधून येतात. त्यांना सरावाला धड मैदान नाही, बऱ्याचजणींचे वडील मुंबईला कामाला. पण त्या पळायला लागल्या की बघणाऱ्याला धाप लागते. आमचा कराडचा संघ या दोघांच्या मध्ये लोंबकळतोय. आमच्याकडे रुमाना आहे, कॅचर. ती बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे बसून अखंड बडबड करते आणि समोरच्या संघातल्या निम्म्याजणी वैतागूनच आउट होतात. आणि आमच्याकडे शाझिया आहे. तिच्याबद्दल बोलायचं तर आधी माझ्या जन्माची फजिती सांगायला हवी.

मौलाभाई हे शाझियाचे मामू. रिक्षा, ट्रॅक्टर, बुलेट, कशाचीही सीट ते डोळे झाकून शिवतात. क्लब नवा होता तेव्हा क्लबचे सचिव शरच्चंद्र सर एक पार उसवलेला ग्लोव्ह घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "मौलाभाई, असा एक शिवून द्याल का?"

"आवं सर, हत्तीची झूल आणा, ती बी शिवतो," मौलाभाई म्हणाले.

त्यांनी तो ग्लोव्ह टाका न् टाका उसवला आणि प्रत्येक तुकड्याचा पुठ्ठ्याचा फर्मा कापला. इथपर्यंत सगळं झकास होतं. आता सीट कव्हरवाल्यांची एक रीत असते. रेक्झिन पालथं अंथरायचं, त्याच्या पाठीवर फर्मा ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि कापायचं. चांगल्या बाजूला खडूचा डाग पडत नाही. सीट दोन्हीकडून सारखीच असते, त्यामुळे फर्मा उलटा पडला काय आणि सुलटा पडला काय, कुणाचं काही बिघडत नाही. हाताचं तसं नाही. मौलाभाईंनी माझं चामडं सवयीने पालथं अंथरलं, पाठीवर रेघा मारल्या आणि जीव ओतून मला शिवलं. मग हौसेने मला डाव्या हातात घालायला गेले, तर अंगठ्याच्या जागी करंगळी!

बेसबॉलमध्ये बहुतेकजण उजव्या हाताने फेकतात, म्हणून ग्लोव्ह डाव्या हातात घालतात. मी निघालो उजव्या हाताचा. टपरीवरची माणसं पोट धरून हसली. शरच्चंद्र सर म्हणजे भला माणूस, ते म्हणाले, "असू द्या, दुकानात शोभेला राहील." मौलाभाईंनी दुसरा ग्लोव्ह नीट शिवून दिला आणि मला खिळ्यावर टांगलं. पुढे बरेच दिवस माझ्या पोटात खडू, सुया आणि तुटकी बटणं राहिली. आपण जन्मालाच चुकलो, असं मला रोज वाटायचं.

शाझियालाही तसंच काहीसं वाटत असावं. ती डावखुरी. जेवताना, पाणी देताना, शिधा घेताना घरातली मोठी माणसं तिला टोकायची. नव्याने क्लबात गेली तर तिथेही सगळे ग्लोव्ह डाव्या हाताचे. मग झेलायचं डाव्याने आणि फेकायचं उजव्याने. तिचा चेंडू निम्म्या वाटेत दम टाकायचा. एकदा ती रुसून दुकानात आली, खिळ्यावरून मला काढलं, खडू-सुया टेबलावर ओतल्या आणि मला उजव्या हातात चढवलं. मग डाव्या हाताने दोऱ्याचं रीळ उचलून रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या पाटीवर असं मारलं, की टपरीवाल्याच्या हातातला चहा हिंदकळला.

"अगं, डाव्या हातानं?" मौलाभाई ओरडले.

"मामू, ह्योच माझा हात हाय."

मौलाभाई म्हणाले, "तर मग ह्यो ग्लोव्ह बी तुझाच, पोरी."

मित्रांनो, त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते काय सांगू! शाझिया पिचर झाली. मैदानाच्या मधोमध उभं राहून ती डाव्या हाताने असा चेंडू टाकायची, की फलंदाजाला तो कुठून आला तेच उमगायचं नाही. सामना झाला की मौलाभाई मला एरंडेल चोळायचे. मग शाझिया माझ्या तळव्यात चेंडू ठेवून, माझी बोटं त्याच्यावर मिटवून, मला जुन्या ओढणीने घट्ट बांधायची. त्याने तळवा खोल राहतो, चेंडू आला की निसटत नाही. लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, तरी तिची ही सवय मोडली नाही. तिचा नवरा यासीन म्हणायचा, "माझ्यापेक्षा ह्याचीच काळजी जास्त घेतीस." तो हसत म्हणायचा, पण खोटं म्हणायचा नाही.

यंदा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात तिचा डावा खांदा भरून आला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की हात वर नेऊन जोरात फेकणं आता बंद. ती तिथून थेट दुकानात आली. मशीनपाशी बसली आणि म्हणाली, "संपलं मामू. आता रविवार आला की मी करायचं काय?" मौलाभाईंनी चहा मागवला आणि तो तसाच थंड होऊन गेला.

शरच्चंद्र सरांना मात्र उत्तर लगेच सुचलं. माणूस सोन्यासारखा, पण त्यांना सत्काराचा भारी सोस. त्यांनी क्लबच्या खोलीत काचेचं कपाट करून घेतलं, मला त्यात ठेवलं, माझ्या तळव्यात प्लास्टिकचा गुलाब खोचला आणि खाली पाटी लावली: 'एक गौरवशाली कारकीर्द'. कपाटाला कुलूप घातलं. किल्ली त्यांनी वाईच्या आपल्या जुन्या घरातल्या सवयीप्रमाणे जानव्याला बांधली.

लोक यायचे, काचेला नाक लावून बघायचे आणि तोंडभरून कौतुक करायचे. दुकानात असताना माझ्या पोटात सुया भरल्या होत्या, तेव्हा निदान कुणी मला हात तरी लावायचं. इथे तेल नाही, चेंडू नाही, ओढणी नाही. खिडकीतून दुपारचं ऊन अंगावर यायचं. बोटं विणून धरणारी माझी चामड्याची वादी वाळून कडक झाली, तळव्याला बारीक भेगा पडल्या, बोटं आत वळायला लागली. गौरव होतोय म्हणून रडायचीही सोय नव्हती.

खिडकीतून मैदान दिसायचं, तेवढा एक आधार होता. शाझिया बाकावर बसून पोरींना पाणी द्यायची आणि हात मांडीखाली दाबून धरायची. मागे उभे राहून दोन म्हातारे वाद घालायचे, की शाझिया मोठी की तिच्या आधीची पिचर मोठी, कुणाचं नाव मागे राहील. मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, ती अजून इथेच बसली आहे, तिला विचारा की! हंगाम निम्मा शिल्लक असताना माणसाचा हिशेब कसला लावताय?

मग सत्काराचा रविवार आला. समोर विश्रामबागचा संघ होता. सामन्याआधी शाझियाला शाल दिली, नारळ दिला. फोटो चांगला यावा म्हणून तिला क्लबच्या पोशाखातच बोलावलं होतं. शरच्चंद्र सर लांबलचक बोलले. ती हसली, पण मी तिचं हसणं ओळखतो. ते तोंडापुरतं होतं.

सामना सुरू झाला आणि चांगलाच रंगला. शेवटच्या इनिंगला आम्ही जेमतेम एका धावेने पुढे होतो. तेवढ्यात फर्स्ट बेसवर उभी असलेली मयूरी चेंडूमागे धावताना पाय मुरगळून पडली. घोटा बघता बघता सुजला. बदली मुलगी आधीच वापरून झाली होती. बाकावर राहिली होती ती फक्त शाल पांघरलेली शाझिया. संघाच्या यादीतून तिचं नाव कमी करायला शरच्चंद्र सरांचा हात झाला नव्हता, हे तिचं नशीब आणि माझंही.

"मी उभी राहते," शाझिया म्हणाली.

"अगं, खांदा?" सर घाबरले.

"सर, फर्स्ट बेसला फेकायचं कमी आणि झेलायचं जास्त असतंय. झेलायचा हात माझा धडधाकट हाय. पण मला माझा ग्लोव्ह पायजे, मयूरीचा माझ्या हातात जायचा न्हाई."

रुमाना कॅचरच्या चिलखतासकट खोलीकडे पळत सुटली. तिच्या मागे शरच्चंद्र सर. पळता पळता ते शर्टाची बटणं काढून किल्ली चाचपत होते आणि रुमाना ओरडत होती, "आवं सर, लवकर! ते अंपायर घड्याळ बघत्यात!" कुलूप उघडलं. गुलाब कुठे उडाला ते मी पाहिलं नाही. काही क्षणांत मी शाझियाच्या हातात होतो. तिने माझ्या तळव्यात मूठ मारली आणि तिचा चेहरा उतरला. मी लाकडासारखा कडक झालो होतो.

"किती वाळलास रं," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, मला त्या वेळी भीती वाटली, खरीखुरी. माझ्या हातून चेंडू सुटला तर उद्यापासून लोक म्हणणार, सत्कार झाल्यावर गप बसायचं होतं. आणि ती पुन्हा कधी मैदानात उतरणार नाही.

विश्रामबागच्या दोघी आउट झाल्या, तिसरी गेली की सामना आमचा. पण त्यांची एकजण थर्ड बेसवर उभी होती, तिथून धावत होम प्लेट गाठली की धाव होऊन बरोबरी. बॅट घेऊन आली त्यांची सगळ्यात तगडी मुलगी. रुमाना तिच्या मागे बसून काय काय बोलत होती देव जाणे, पण ही बया ढिम्म हलली नाही. तिने खणखणीत फटका मारला. चेंडू जमिनीलगत सरपटत फर्स्ट आणि सेकंड बेसच्या मधल्या मोकळ्या जागेत निघाला. तो चेंडू शाझियाच्या उजव्या अंगाने चालला होता. दुसरी कुणी असती, तर ग्लोव्ह तिच्या डाव्या हातात असता आणि चेंडू बघत बसावं लागलं असतं. पण शाझियाच्या उजव्या हातात मी होतो. मौलाभाईंची पालथी कापलेली चूक!

तिने आडवी झेप घेतली. मी जमिनीला घासत गेलो आणि माझ्यात होतं नव्हतं तेवढं उघडलो. चेंडू आदळला. अंगठा आणि तर्जनीमधल्या माझ्या जाळीतली वाळलेली वादी कट्कन तुटली, पण तळव्याने चेंडू धरला. शाझिया उठली. फेकायची गरजच नव्हती, मारणारीच्या आधी चेंडू घेऊन बेस गाठला की ती आउट. ती धडपडत धावली आणि त्या तगड्या मुलीच्या आधी तिने फर्स्ट बेसवर पाय टेकवला. अंपायरचा हात वर गेला. आउट! सामना आमचा!

पोरी तिच्या अंगावर कोसळल्या. मी त्यांच्या ढिगाखाली चेपला गेलो होतो आणि इतकं सुख मला त्या कपाटात एकदाही मिळालं नव्हतं. शाझिया रडत होती आणि हसत होती. सर उघड्या शर्टाने, जानव्याची किल्ली लोंबत, सत्काराला आलेल्या मौलाभाईंना मिठी मारत होते. मौलाभाई म्हणाले, "सर, तुमचं ते कपाट लय ब्येस हाय. नारळ ठेवा त्यात."

सरांनी खरंच नारळ ठेवला आहे.

त्या संध्याकाळी मौलाभाईंनी मला दुकानात आणलं, नवी वादी ओवली, ठिगळ लावलं आणि एरंडेल इतकं चोळलं, की मी पिऊन पिऊन थकलो. शाझिया शेजारी बसली होती. "मामू, डॉक्टरांना फोन केला, म्हणाले, फर्स्ट बेसला चालतंय," ती म्हणाली. मौलाभाईंनी मोठा सुस्कारा सोडला, मीही सोडला. तिची पिचरची जागा गेली, ती परत येणार नाही आणि त्याचं वाईट वाटतंच. पण ती खेळते आहे. कुणाचं नाव मागे राहील, याचा वाद त्या दोघा म्हाताऱ्यांनी खुशाल घालत बसावा.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी खिळ्यावर नाही तर कपाटात असेल, तर त्याला खाली काढा. धूळ झटका, तेल लावा, पण मुख्य म्हणजे वापरा. झिजण्याचं आम्हाला भय नाही, वाळण्याचं आहे. आणि एखादं माणूस बाकावर हात दाबून बसलेलं दिसलं, तर शाल आणायला धावण्याआधी त्याला विचारा, 'खेळतेस का?'

येत्या रविवारी दहिवडीचा संघ येतोय. त्या पळणाऱ्या पोरींचा मी धसका घेतलाय. शाझिया आत्ताच येऊन गेली. माझ्या पोटात चेंडू आहे, अंगावर जुनी ओढणी घट्ट बांधलेली आहे, आणि ही गाठ रविवारी तिच्याच हाताने सुटणार आहे.